५५ सेंटीमीटरची सवलत

पुण्याच्या दक्षिणेकडची आमची वस्ती १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर वसत गेली. आधी तेथे शेते होती आणि त्या शेतांचे बांध नकाशावर आजही ओळखू येतात, कारण भूखंड पाडताना रस्ते सरळ आखले गेले, परंतु कडेच्या भूखंडांची एक हद्द जुन्या बांधाच्या तिरक्या रेषेवरच ठेवावी लागली. आमचा भूखंड अशाच कडेचा आहे. रस्त्याच्या बाजूला त्याची रुंदी २२.४० मीटर आहे, मागच्या बाजूला ती १७.६० मीटर भरते आणि खोली ३१ मीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ ६२० चौरस मीटर. समोरून पाहणाऱ्याला तो व्यवस्थित चौकोनी वाटतो, आणि आम्हा दहा कुटुंबांनाही सन १९७४ पासून तो तसाच वाटत आला होता.

जुन्या इमारतीत तळमजल्यावर दोन आणि वरच्या दोन मजल्यांवर चार-चार अशा दहा सदनिका होत्या. गळती, उघड्या पडलेल्या सळया आणि लिफ्टअभावी घरात अडकून पडलेले ज्येष्ठ सभासद या तिन्ही कारणांनी पुनर्विकासाचा विषय कधीतरी येणारच होता. बांधकाम व्यावसायिकांचे तीन देकार आले. त्यांवर एक वर्ष चर्चा झाली आणि अखेर जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण सभेने स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे व्यावसायिकाकडे न देता सोसायटीनेच इमारत नव्याने बांधण्याचा, ठराव केला. मी बँकेतून निवृत्त झालेला असल्याने आणि फायली वाचण्याची मला सवय असल्याने सचिवपद माझ्याकडे आले. जागा सोसायटीच्या नावावर आधीच झालेली होती, त्यामुळे मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे मूळ मालक जागा नावावर करून देत नसेल तर ती शासनाकडून करून घेण्याच्या, फेऱ्यातून आम्ही वाचलो. कर्ज, सभासदांची संमतीपत्रे आणि भाड्याच्या घरांची शोधाशोध यांविषयी येथे लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते इमारतीच्या मागच्या एका कोपऱ्याविषयी.

आमच्या वास्तुविशारद बाईंनी पहिल्या बैठकीतच हिशेब मांडला. समोरचा रस्ता ९ मीटर रुंदीचा असल्यामुळे एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा) १.१०, प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून ०.५० आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा हस्तांतरित झालेला बांधकामाचा हक्क, विकत घेऊन ०.४०, असा एकूण २.०० पर्यंतचा निर्देशांक आम्हाला मिळू शकत होता. त्याशिवाय जिने, बाल्कन्या वगैरेंसाठी प्रीमियम भरून मिळणारे पूरक क्षेत्र वेगळे होते. त्यातून खाली पार्किंगचा मजला आणि वर सहा निवासी मजले, प्रत्येक मजल्यावर तीन सदनिका, असा आराखडा तयार झाला. अठरा सदनिकांपैकी दहा सभासदांच्या होत्या आणि उरलेल्या आठ विकून बांधकामाचा खर्च भागवायचा होता.

अडचण निघाली ती सामासिक अंतरात. इमारतीभोवती जी मोकळी जागा सोडावी लागते तिला नियमावलीच्या मराठीत सामासिक अंतर म्हणतात आणि बोलताना सगळे मार्जिन म्हणतात. १५ मीटरपेक्षा उंच इमारतीला बाजूचे व मागचे अंतर उंचीच्या एक-पंचमांश सोडावे लागते आणि त्या हिशेबात पार्किंगच्या मजल्याची उंची धरली जात नाही. आमचे सहा मजले मिळून १८ मीटर होत होते, म्हणून अंतर हवे होते ३.६० मीटर. रस्त्याकडून मागे जाताना भूखंड निमुळता होत जातो, परंतु इमारतीची मागची रुंदी ११.५० मीटरपेक्षा कमी करता येत नव्हती. त्यामुळे डाव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यात, जेथे जिना येत होता, हे अंतर भरेना. पहिल्या मापाप्रमाणे तेथे सुमारे ८५ सेंटीमीटर कमी पडत होते.

बाईंनी सांगितले की याला नियमावलीतच वाट आहे, पण ती अरुंद आहे. नियम क्रमांक २.४ प्रमाणे जेथे स्पष्टपणे दाखवता येईल अशी अडचण असेल तेथे प्राधिकरणाला, म्हणजे महापालिका क्षेत्रात आयुक्तांना, मापांमध्ये सवलत देता येते. मात्र त्यामुळे आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती आणि रहिवासी व शेजारी यांची सुरक्षितता यांना बाध येता कामा नये. शिवाय रस्त्याच्या बाजूचे अंतर, चटई क्षेत्र निर्देशांक आणि पार्किंग या तीन बाबतींत, नियमावलीत अन्यत्र वेगळी तरतूद नसेल तर, कोणत्याही परिस्थितीत सवलत मिळत नाही. ही नियमावली मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर ३ डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिचा हा एक परिच्छेद मी त्या वर्षात इतक्या वेळा वाचला की त्यातला स्वल्पविराम कोठे आहे हेही मला पाठ झाले.

सभासदांच्या बैठकीत हे सांगितल्यावर सर्वांना सुचलेला पहिला उपाय अगदी साधा होता. एक सभासद म्हणाले, "अहो, मागे जागा निमुळती होते ना, मग अख्खी इमारतच मीटरभर पुढे सरकवा." दुसऱ्या म्हणाल्या, "दोन गाड्यांची जागा कमी करा, म्हणजे जिना मधे घेता येईल." दोन्ही सूचनांत व्यवहारज्ञान होते, पण दोन्ही त्या तीन बंद दारांपैकी एकेका दारावर जाऊन आदळत होत्या. पुढचे अंतर रस्त्याच्या बाजूचे आणि दुसरी गोष्ट पार्किंगची. तेव्हा मात्र मला एक गोष्ट जाणवली, जिचा पुढे अर्ज लिहिताना फार उपयोग झाला. ज्यांत सवलत नाहीच ते नियम आपण काटेकोर पाळतो आहोत आणि ते पाळल्यामुळेच उरलेल्या एका ठिकाणी अडचण उभी राहते आहे, असे दाखवता आले तर मागणीला पाया मिळतो.

परंतु त्याआधी मोजणी करून घ्यायची होती आणि येथे आमची चूक झाली. पहिले माप आम्ही जुन्या कुंपणभिंतीपासून घेतले होते. ५० वर्षे उभी असलेली भिंत म्हणजेच हद्द, असे आम्ही धरून चाललो होतो. बाईंनी आग्रहाने नगर भूमापन कार्यालयात अधिकृत मोजणीसाठी अर्ज करायला लावला, शुल्क भरायला लावले आणि तारखेची वाट पाहायला लावली. त्या दोन-अडीच महिन्यांत सभासद मला रोज जिन्यात गाठून विचारत की आपलीच जागा आपण पुन्हा कशाला मोजतो आहोत. मोजणी झाली, मिळकत पत्रिकेशी आणि मूळ मंजूर रेखांकनाशी ती ताडून पाहिली गेली, आणि नकाशा हाती आला तेव्हा कळले की मागच्या कोपऱ्यात आमची भिंत खऱ्या हद्दीच्या ३० सेंटीमीटर आत होती. त्या जागी पूर्वी चिंचेचे मोठे झाड होते आणि भिंत बांधणाऱ्याने त्याच्या मुळ्या टाळण्यासाठी ती हळूहळू आत घेत नेली होती, असे आमच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी सांगितले. झाड कधीच गेले होते, भिंत मात्र तशीच राहिली होती.

म्हणजे आमची तूट ८५ सेंटीमीटरची नव्हती, ५५ सेंटीमीटरची होती. पूर्वी पाच मीटर लांबीत कमी पडणारे अंतर आता केवळ साडेतीन मीटर लांबीत कमी पडत होते आणि कोपऱ्याच्या टोकाला ३.०५ मीटर शिल्लक राहत होते. कागदावर तो एक बारीक त्रिकोण होता, प्रत्येक मजल्याला जेमतेम एक चौरस मीटर भरेल एवढा. मोजणी न करता अर्ज दिला असता, तर जी सवलत लागतच नव्हती तीही आम्ही मागून बसलो असतो आणि जागेवर तपासणीला आलेल्यांनी ते पहिल्याच भेटीत दाखवून दिले असते.

पण त्या ३० सेंटीमीटरमध्ये शेजाऱ्यांची बाग होती. मागच्या बंगल्यातल्या आजींनी आमच्या भिंतीला लागून कढीपत्ता, गवती चहा आणि एक प्राजक्त लावला होता आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ती त्यांचीच जागा होती. मोजणीची नोटीस लगतधारक म्हणून त्यांनाही गेली होती, त्यामुळे आम्ही काहीतरी लपवून करतो आहोत असे त्यांना वाटले नव्हते, तरी नकाशा घेऊन त्यांच्याकडे जाताना मला अवघडल्यासारखे झाले. बाई, आमचे अध्यक्ष आणि मी असे तिघे गेलो. आजींनी नकाशा शांतपणे पाहिला आणि म्हणाल्या, "जागा तुमची असेल तर घ्या. वीतभर जमिनीसाठी मी या वयात भांडणार नाही. पण तुमचा जिना माझ्या स्वयंपाकघरावर डोकावणार का, ते आधी सांगा."

खरे तर सामासिक अंतराचा नियम याच प्रश्नासाठी असतो. दोन इमारतींच्या मधून उजेड यावा, वारा वाहावा, आग लागली तर माणसांना आणि साहित्याला जाता यावे, आणि एकाच्या खिडकीतून दुसऱ्याच्या ताटात पाहता येऊ नये. उंची वाढली की अंतर वाढते ते त्याचमुळे. अर्जाच्या मसुद्यात आम्ही आतापर्यंत आमच्या अडचणीविषयीच लिहीत होतो. त्या कोपऱ्यातले अंतर कमी झाल्याने समोरच्याचे काय होईल याविषयी त्यात एक ओळही नव्हती. आजींच्या घरून परत आल्यावर बाईंनी त्या भिंतीचे रेखाचित्र नव्याने केले. तेथे फक्त जिना आणि लिफ्टची विहीर ठेवली, कोणत्याही खोलीची खिडकी त्या बाजूला घेतली नाही आणि जिन्याला उजेड मिळावा म्हणून प्रत्येक टप्प्यावर डोक्याच्या उंचीच्या वर झरोके घेतले. ते रेखाचित्र आजींना दाखवले तेव्हा त्यांच्या मुलाने आपणहून लेखी दिले की या कोपऱ्यातील अंतराबाबत आमची हरकत नाही.

मूळ मसुद्यात आणखी एक मागणी होती, मागच्या बाजूला जिन्याचा मधला टप्पा २० सेंटीमीटर बाहेर येत होता त्याची. जिना फिरवून बसवल्यावर ती गरज संपली आणि ती मागणी आम्ही काढून टाकली. बँकेत असताना कर्जाचे अर्ज पाहताना माझा अनुभव असा होता की जो एकच सवलत मागतो त्याचे प्रकरण वाचले जाते आणि जो चार मागतो त्याच्या चारही मागण्यांकडे संशयाने पाहिले जाते. येथेही मी त्याच अनुभवावर विसंबलो.

जून २०२४ मध्ये ऑनलाइन प्रस्ताव दाखल झाला. नकाशे संगणकीय तपासणीतून जातात आणि जेथे अंतर कमी असेल तेथे प्रणाली ते लाल रंगात दाखवते. आमच्या अहवालात एकच लाल ओळ होती. त्या ओळीसमोर 'नियम २.४ अन्वये सवलत प्रस्तावित' असे लिहून बाईंनी सोबत दोन पानांचे निवेदन जोडले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मध्ये असे आहे की ६० दिवसांत निर्णय कळवला गेला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. आमच्यातल्या एका उत्साही सभासदाने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती वर्तुळही काढले होते. त्याला समजावताना माझी बरीच शक्ती खर्च झाली. कारण ते ६० दिवस शेवटच्या विचारणेला आपण दिलेल्या उत्तरापासून मोजले जातात आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही मानीव परवानगी नियमांत तंतोतंत बसणाऱ्या प्रस्तावालाच लागू होते. सवलत मागणाऱ्याला गप्प राहून काही मिळत नाही. त्याला कोणीतरी विचार करून होकारच द्यावा लागतो.

पहिली जागापाहणी जुलैच्या पावसात झाली. कनिष्ठ अभियंता छत्री एका हातात आणि फीत दुसऱ्या हातात धरून मागच्या कोपऱ्यापर्यंत चिखलातून आले, मोजणीच्या खुणेचा दगड त्यांनी स्वतः शोधून काढला आणि खुणेपासून भिंतीपर्यंतचे ३० सेंटीमीटर मोजून वहीत टिपले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. भूखंड मुळातच असा तिरका होता, की मधल्या काळात कोणाला तुकडा विकल्याने किंवा विभागणीने तसा झाला? प्रश्नाचा रोख मला उशिरा कळला. मालकाने स्वतःच्या कृतीने ओढवून घेतलेली अडचण ही अडचण धरली जात नाही. सुदैवाने मूळ मंजूर रेखांकनाची प्रत आमच्या जुन्या कपाटात, १९७० च्या दशकातील वर्गणीच्या पावतीपुस्तकांखाली, सापडली होती. त्यात ती तिरकी रेषा स्पष्ट होती आणि तिच्याशेजारी जुना सर्व्हे क्रमांक लिहिलेला होता. ती प्रत नसती, तर अभिलेखातून ती मिळवण्यात आणखी काही महिने गेले असते. झेरॉक्स काढायला गेलो तेव्हा कागद घडीवर फाटला. त्याला मागून पारदर्शक पट्टी लावताना माझे हात थरथरत होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

यानंतर कार्यकारी अभियंत्यांसमोर चर्चा झाली. ते सौम्य बोलत होते, पण विषय त्यांनी पहिल्याच वाक्यात संपवत आणला. "तुम्ही एक मजला कमी केलात तर उंची १५ मीटरवर येते. १५ मीटरपर्यंतच्या इमारतीला लागणारं अंतर तुमच्याकडे सगळीकडे आहे. मग हार्डशिप कोठे आहे?"

कार्यालयात सारे जण अडचणीला 'हार्डशिप'च म्हणतात. मी उत्तर दिले की एक मजला गेला तर विक्रीच्या तीन सदनिका जातात आणि सर्व गणित कोलमडते. त्यांनी मान हलवली. "ते मी समजू शकतो, पण ती भूखंडाची अडचण नाही, तुमच्या खर्चाची आहे. खर्चाची अडचण प्रत्येक अर्जदाराला असते. ती धरायला लागलो तर अंतराचा नियम कोणालाच लागू होणार नाही." मला राग आला होता, पण बँकेच्या खुर्चीत बसून मी स्वतः कित्येकांना नेमके हेच सांगितलेले होते. त्यामुळे मला गप्प बसावे लागले. आम्ही १५ दिवसांची मुदत मागून बाहेर आलो.

चहाच्या टपरीवर बाईंनी कागदी रुमालावर एक चौकोन काढला. त्या म्हणाल्या की आपला भूखंड ६२० चौरस मीटरचा आहे. समजा, याच क्षेत्रफळाचा पण सरळ चौकोनी भूखंड असता, २० मीटर रुंद आणि ३१ मीटर खोल, तर काय झाले असते? हिशेब तेथेच झाला. दोन्ही बाजूंना ३.६० मीटर सोडून १२.८० मीटर रुंदीची इमारत बसली असती, म्हणजे आम्हाला हव्या असलेल्या रुंदीपेक्षाही जास्त. तेवढेच मजले, तेवढ्याच सदनिका, तेवढ्याच गाड्या, आणि कोणतीही सवलत लागली नसती. आमच्याच रस्त्यावरचे पलीकडचे भूखंड असेच चौकोनी आहेत आणि तेथे सहा मजल्यांची इमारत नियमात बसते. आमची इमारत अडते ती केवळ शेताचा एक बांध तिरका होता म्हणून.

या एका चित्रासाठी त्यांनी आठवडाभर काम केले. पारदर्शक कागदावर चौकोनी भूखंड आमच्या भूखंडावर ठेवून दाखवला. दुसऱ्या नकाशात जिना आणि लिफ्ट त्या कोपऱ्यातून हलवली तर पार्किंगमधल्या गाड्यांच्या मार्गाचे काय होते, किती गाड्या कमी पडतात, हे दाखवले. तिसऱ्या नकाशात मागची रुंदी सरसकट कमी केली तर जिन्याची रुंदी नियमाखाली जाते हे दाखवले. निवेदन नव्याने लिहिताना पैशांचा उल्लेख आम्ही पूर्णपणे काढला. मला वाटले होते की त्यामुळे अर्ज दुबळा होईल. प्रत्यक्षात तो दोन पानांवरून सव्वा पानावर आला आणि पहिल्यांदाच त्याला एक सरळ रेषा मिळाली. आकार मूळ रेखांकनातला आहे, पार्किंगचे आणि रस्त्याच्या बाजूचे नियम पूर्ण पाळले आहेत, ते पाळल्यामुळे जिन्याची जागा बदलता येत नाही, कमी पडणारा भाग साडेतीन मीटर लांबीचा त्रिकोण आहे आणि त्या भिंतीला कोणत्याही खोलीची खिडकी नाही.

दुसऱ्या चर्चेत कार्यकारी अभियंत्यांनी चौकोनाचा पारदर्शक कागद दोनदा उचलून पुन्हा ठेवून पाहिला. मग विचारले, "आगीचं काय?" बाईंनी पलीकडच्या बाजूचे पूर्ण अंतर, समोरून आत येण्याचा मार्ग आणि त्या कोपऱ्यात उरणारे ३.०५ मीटर दाखवले. प्रकरण अग्निशमन विभागाच्या अभिप्रायासाठी पाठवले गेले. तेथील अधिकाऱ्यांनी जागा पाहून एवढीच अट सुचवली की त्या पट्ट्यात पंप, जनित्र, टाकीची झाकणे, कुंड्या असे काहीही असता कामा नये आणि जमीन सपाट, चालण्याजोगी ठेवावी. आमच्या नकाशात नेमका तेथेच पाण्याचा पंप होता. तो पुढे हलवला. शेजाऱ्यांचे पत्र मी फायलीतून काढून पुढे केले तेव्हा अभियंता म्हणाले, "हे लागत नाही. नियमात शेजाऱ्यांची संमती मागितलेली नाही." क्षणभर थांबून म्हणाले, "पण आणलंय तर जोडा."

त्यानंतर फाइल वर गेली. उपअभियंता, कार्यकारी अभियंता, शहर अभियंता आणि शेवटी आयुक्त असा तो प्रवास होता, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी कोणता तरी कागद नव्याने मागितला. त्यातले दोन कागद आम्ही खरोखरच जोडले नव्हते आणि एकावर आमच्या खजिनदारांची सही चुकीच्या जागी होती. या काळात दर सोमवारी मी एक ओळीचा अहवाल सूचना फलकावर लावत असे, कारण भाड्याच्या घरांचे करार करू पाहणाऱ्या सभासदांना तारीख हवी असे आणि ती देणे माझ्या हातात नव्हते. नकार आला तर याच अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते, हे मी वाचून ठेवले होते. ते मी फलकावर लिहिले नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजुरी आली. सवलत डाव्या बाजूच्या मागील कोपऱ्यात, साडेतीन मीटर लांबीपुरती, अंतर ३.०५ मीटरपेक्षा कमी नसावे, अशा नेमक्या शब्दांत होती. सोबत अटी होत्या. अग्निशमन विभागाची अट होतीच. शिवाय या सवलतीमुळे कोणतीही नुकसानभरपाई मागणार नाही आणि तो पट्टा कायम मोकळा ठेवू, असे ५०० रुपयांच्या मुद्रांक कागदावर हमीपत्र द्यायचे होते. हार्डशिप प्रीमियमही भरायचा होता. तो सवलत दिलेल्या क्षेत्रावर, वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील, म्हणजे रेडीरेकनरमधील, जमिनीच्या दराच्या टक्केवारीत आकारला जातो. भिंतीपासूनच्या चुकीच्या मापावर अर्ज केला असता तर ही रक्कमही तेवढी वाढली असती. चटई क्षेत्राचा प्रीमियम, विकास शुल्क, कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर यांच्या तुलनेत मात्र ती किरकोळ होती, आणि ज्या गोष्टीसाठी आम्ही आठ महिने झगडलो ती भरणा-पावतीवर सर्वांत लहान आकडा म्हणून दिसावी याची मला गंमत वाटली.

येथे एक गोष्ट आम्ही आपणहून केली. विक्रीच्या सदनिकांच्या करारनाम्याला मंजूर नकाशा जोडताना त्या कोपऱ्यावर वेगळी खूण केली आणि खाली एका वाक्यात सवलतीचा व अटीचा उल्लेख केला. एका सभासदाचे म्हणणे होते की त्यामुळे ग्राहक बिचकेल. पण उद्या नव्या रहिवाशांपैकी कोणी त्या पट्ट्यात सायकलींची शेड उभारली, तर हमीपत्रावर सही माझी होती. आठपैकी एकाच ग्राहकाने त्याविषयी विचारले, आणि ते स्वतः स्थापत्य अभियंता होते. त्यांना चौकोनाचे चित्र दाखवले, त्यांनी ते मोबाइलवर टिपून घेतले आणि सदनिका घेतली.

बांधकाम सुरू करण्याची परवानगी देणारे प्रारंभ प्रमाणपत्र मिळाले, जुनी इमारत पाडली गेली आणि भिंतीचा प्रश्न उरला. नवी भिंत खऱ्या हद्दीवर घालायची होती आणि प्राजक्ताचे खोड आमच्या हद्दीत एक वीत आत येत होते. शहरातले झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते हा एक भाग झाला, पण खरे सांगायचे तर आजींना ते झाड काढा असे सांगायला आमच्यापैकी कोणीच तयार नव्हते. कंत्राटदाराने सुचवले की भिंत झाडाशी येऊन थोडी वळवून घेऊ आणि हद्दीच्या खुणेचा दगड झाडापलीकडे तसाच ठेवू. मोजणीच्या नकाशाची एक प्रत, त्यावर 'भिंत येथे झाडासाठी आत घेतली आहे, हद्द दगडापर्यंत आहे' असे लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी आम्ही दोघांनी एकेक ठेवून घेतली. मागच्या वेळी चिंचेसाठी हे झाले तेव्हा कोणी काही लिहून ठेवले नव्हते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जोते तपासणी, म्हणजे पाया जमिनीवर आल्यावर होणारी मापांची तपासणी, झाली. पावसात आलेले तेच कनिष्ठ अभियंता आले. या वेळी ते थेट मागच्या कोपऱ्याकडे गेले, बाकीच्या बाजू त्यांनी नंतर पाहिल्या. हद्द दगडापर्यंत असल्याने माप तेथूनच घ्यायचे होते, त्यामुळे फितीचे एक टोक मी भिंतीच्या वळणापलीकडे, प्राजक्ताच्या मागच्या दगडावर धरले, दुसरे त्यांनी जोत्याच्या कोपऱ्यावर धरले. फीत थोडी झोळ खात होती, म्हणून त्यांनी ती ताणून पुन्हा वाचली. माप ३.०७ मीटर भरले. त्यांनी ते वहीत लिहिले, पट्ट्यात पडलेल्या विटांच्या ढिगाकडे बोट दाखवून "हे उद्यापर्यंत उचला" असे सांगितले आणि ते उजव्या बाजूला मोजायला गेले.